वाटाण्याच्या अक्षता

मुलाच्या आत्याचा फोन रविवारी दुपारी आला. पत्रिका जुळली होती, मुलगा-मुलगी दोनदा बाहेर भेटून आली होती, साखरपुड्याची तारीख तेवढी काढायची होती. पावसापाण्याचं बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "ताई, राग मानू नका, पण तुमच्या मामांबद्दल काहीतरी कानावर आलंय. डोक्याचं काही होतं का त्यांना?"

"होतं," मी म्हटलं. "स्किझोफ्रेनिया."

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग, "म्हणजे घराण्यात आहे."

मी कराडला ज्युनिअर कॉलेजात 31 वर्षं जीवशास्त्र शिकवलं. 'घराण्यात आहे' हे वाक्य खोटं नाही, हे मला कळतं. पण आत्याबाईंच्या मनात त्याचा जो अर्थ होता तो साफ चुकीचा आहे, हेही कळतं. फोनवर दोन मिनिटांत ते सांगता येईना, म्हणून हा खटाटोप.

दोष थोडा आम्हा शिक्षकांचाही आहे. दर वर्षी फळ्यावर मेंडेलचे वाटाणे काढायचे: उंच झाड, बुटकं झाड, चार चौकटी, तीनास एक. पोरं परीक्षेत बिनचूक उतरवायची आणि जन्माची एक समजूत घेऊन जायची, की जनुक म्हणजे दिव्याचं बटण. खाली असलं की उजेड, वर असलं की अंधार. हंटिंग्टनच्या आजारासारख्या काही दुखण्यांत खरंच तसं असतं. मनाच्या आजारात जवळजवळ कधीच नसतं.

मामाला रेडिओचा नाद. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना तो रात्र-रात्र शॉर्टवेव्ह लावून बसायला लागला. दोन गाण्यांच्या मध्ये निवेदक आपल्यालाच निरोप देतात, असं त्याला वाटायचं. निरोप तो आजोबांच्या एका लाल खतावणीत उतरवून ठेवी. जमेच्या बाजूला वेळ, खर्चाच्या बाजूला मजकूर. ती खतावणी माझ्याकडे आहे. अक्षर सुरेख. मधल्या कितीतरी पानांवर एकच ओळ: 'आज काही नाही.'

आजीनं दोन वर्षं अंगारे-धुपारे केले, लिंबं उतरवली, पायऱ्या झिजवल्या. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून मिरजेला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या, आणि आजीला विचारलं, "लहानपणी याला फार धाकात ठेवलं होतं का?" तो प्रश्न आजीनं मरेपर्यंत मनात ठेवला. डॉक्टरांचं तरी काय चुकलं म्हणा. त्यांच्या पुस्तकात तेच होतं. फ्रीडा फ्रॉम-राइकमन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी 1948 साली 'स्किझोफ्रेनिया घडवणारी आई' अशी कल्पना मांडली होती आणि ती पुढे कित्येक वर्षं चालली.

तिला धक्का दिला तो 1966 मध्ये, लेनर्ड हेस्टन या डॉक्टरानं. अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात मनोरुग्णालयांतल्या स्किझोफ्रेनिक आयांना झालेली 47 मुलं त्यानं शोधून काढली. जन्मल्यावर काही दिवसांतच ती आईपासून वेगळी झाली होती, दुसऱ्यांच्या हाताखाली वाढली होती. तुलनेला तशीच आईविना वाढलेली, पण निरोगी आयांची 50 मुलं घेतली. मोठेपणी पहिल्या गटातल्या 5 जणांना स्किझोफ्रेनिया झाला. दुसऱ्या गटात एकालाही नाही. धाक दाखवायला आई घरात नव्हतीच. आजार आला होता तो रक्तातून.

झालं, आत्याबाई जिंकल्या, असं वाटेल. पण 47 मधले 42 जण सुटले, हेही त्याच कागदावर आहे.

आयर्विंग गॉट्समन यांनी युरोपातले अनेक अभ्यास एकत्र करून 1991 मध्ये जो तक्ता दिला, तो मानसोपचाराच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. सर्वसाधारण माणसाला हा आजार होण्याची शक्यता शंभरात एक. आई किंवा बाप आजारी असेल तर शंभरात तेरा. सख्ख्या भावंडांना नऊ. भाच्या-पुतण्यांना चार. त्यापलीकडच्या, चुलत-मावस भावंडांइतक्या लांबच्या नात्यात दोन. माझी लेक मामाची भाचेनात, म्हणजे याच शेवटच्या पायरीवर. त्यात मी साठी ओलांडली तरी धडधाकट, म्हणजे तिचा आकडा आणखी खालीच.

आणि जुळी? डेन्मार्कमध्ये 1951 ते 2000 या काळात जन्मलेल्या 31 हजारांहून अधिक जुळ्यांच्या जोड्यांचा हिशेब 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच बीजाच्या जुळ्यांत एकाला आजार असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण शंभरात 33. एकच गर्भाशय, एकच घर, जनुकांची जवळपास हुबेहूब प्रत, आणि तरी तिघांपैकी दोघे सुटतात. उरलेलं कुठून येतं? काही धागे हाती आहेत. हॉलंडमध्ये 1944-45 च्या हिवाळ्यात नाझींनी अन्न तोडलं तेव्हा, दुष्काळ ऐन भरात असताना ज्यांचा गर्भ राहिला, त्यांच्यात हा आजार सुमारे दुपटीनं आढळला. तरुणपणी गांजा भरपूर ओढणाऱ्यांतही तो जास्त दिसतो. बराचसा भाग मात्र निव्वळ योगायोगाचा असावा, असं माझं मत.

मग रक्तात नेमकं आहे काय? इथे वाटाणा पुरता हरतो. जगभरच्या संशोधकांनी मिळून 2022 मध्ये 76,755 रुग्ण आणि 2,43,649 निरोगी माणसांचे जनुक ताडून पाहिले. आजाराशी नातं सांगणाऱ्या 287 जागा सापडल्या. त्यातली एकेक जागा धोका इतका नगण्य वाढवते की तिच्या एकटीच्या जिवावर काहीच ठरत नाही. अशा जागा खरं तर हजारोंनी असणार, आणि त्यातल्या शेकडो तुमच्यात आहेत, माझ्यात आहेत, आत्याबाईंच्यातही आहेत. (22 व्या गुणसूत्राचा एक तुकडा गळाला तर मात्र दर चौघांपैकी साधारण एकाला आजार होतो, पण असे तुकडे गळणं विरळ.)

2006 मध्ये मॅथ्यू केलर आणि जेफ्री मिलर यांनी यासाठी पाणलोटाची उपमा वापरली. ती वाचली आणि मला आमचा प्रीतिसंगम डोळ्यांपुढे आला. कृष्णा आणि कोयना तिथं समोरासमोर भिडतात. घाटावर उभं राहून पुराचं पाणी पाहताना कुणी विचारत नाही की हा पूर कुठल्या ओढ्याचा. महाबळेश्वरापासून शेकडो ओहोळ येतात. एकेकट्यानं गुडघाभरही पाणी येत नाही. सगळे एकाच आठवड्यात फुगले तर पेठेत पाणी शिरतं. मामाच्या वाट्याला तो आठवडा आला.

त्यातला एक ओढा 2016 मध्ये जवळून पाहता आला. बोस्टनच्या शास्त्रज्ञांना दिसलं की रोगप्रतिकाराशी संबंधित 'सी-फोर' या जनुकाचे काही प्रकार धोका वाढवतात. हेच जनुक मेंदूतल्या जोडण्यांच्या छाटणीतही हात घालतं. वयात येताना मेंदू आपल्या जादा जोडण्या छाटतो, तासगावकडे द्राक्षबागेची छाटणी करतात तशी. कात्री जरा जास्त चालली तर वेल उघडा पडतो. आजार ऐन विशीत का उगवतो, याचं पटण्याजोगं एक उत्तर इथं मिळतं.

वर्गात हुशार मुलं हमखास अडवायची ते पुढच्या प्रश्नावर. "बाई, असा आजार असलेल्यांना मुलं कमी होतात. मग नैसर्गिक निवडीनं तो केव्हाच संपायला हवा होता." प्रश्न रास्त आहे. स्वीडनमधल्या नोंदी सांगतात की स्किझोफ्रेनिया असलेल्या पुरुषांना इतरांच्या सुमारे चौथाई मुलं होतात, स्त्रियांना सुमारे निम्मी. तरीही आजार टिकून आहे.

एक उत्तर लोकांना फार आवडतं: वेडाच्या पोटात प्रतिभा असते. हेस्टनच्या सुटलेल्या मुलांतले काही जण तुलनेच्या गटापेक्षा जास्त रंगतदार आयुष्य जगत होते, कुणी वाद्य वाजवी, कुणी चित्रं काढी, अशी त्यानं नोंद केली आहे. आइसलंडमध्ये 2015 साली कलावंतांच्या संघटनांमधल्या सभासदांत अशा जनुकांचं पारडं किंचित जड आढळलं. किंचितच. एवढ्यावर प्रतिभेचा इमला उभा करणं मला पटत नाही. मामाच्या खतावणीत प्रतिभा नव्हती, भीती होती.

केलर-मिलर यांचं उत्तर रुक्ष, म्हणून मला जास्त पटणारं. पिढी बदलताना जनुकांची नक्कल होते आणि नक्कल करताना चुका होतात. आइसलंडमध्येच 2012 साली मोजलं गेलं की बापाचं वय एकेका वर्षानं वाढलं की मुलात सुमारे दोन नव्या चुकांची भर पडते. मेंदू घडवायला हजारो जनुकं लागतात, म्हणजे चूक व्हायला जागाही हजारो. मोठी चूक निसर्गाच्या चाळणीत अडकते. बारीक भुसा पिठाबरोबर खाली येतोच, आणि आपल्या सगळ्यांच्या पोळीत थोडाथोडा असतो.

स्वभावाचंही गणित असंच. आपण म्हणतो स्वभावाला औषध नाही. जुळ्यांचे अभ्यास सांगतात की माणसामाणसांच्या स्वभावातल्या फरकापैकी साधारण 40 ते 50 टक्के फरक अनुवांशिक असतो. याचा अर्थ तुमचा निम्मा राग वडिलांकडून आला, असा मात्र नव्हे. हा आकडा गर्दीतल्या फरकांबद्दल बोलतो, एका माणसाबद्दल नाही. उंची तर 80 टक्के अनुवांशिक मानतात, तरी पोटभर खायला मिळाल्यावर जपानची पोरं एका पिढीत आईबापांच्या डोक्यावरून गेली. आणि सतत काळजी करण्याच्या स्वभावामागची जनुकं नैराश्यामागच्या जनुकांशी मोठ्या प्रमाणात जुळतात. माझी आई झोपण्यापूर्वी तीनदा कडी पाही, मी गॅस दोनदा पाहते. आजारी आम्ही कुणी नाही; पाणी त्याच ओढ्यांचं आहे.

घराणं 'स्वच्छ' करण्याचा प्रयोग एका देशानं करून पाहिलेला आहे. जर्मनीत जुलै 1933 मध्ये नाझींनी सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. तो रचण्यात एर्न्स्ट रूडिन हा मानसोपचारतज्ज्ञ, याच विषयातला त्या काळचा मोठा संशोधक, पुढे होता. सुमारे 4 लाख लोकांची नसबंदी झाली. पुढे रुग्णांना विषारी वायूनं मारण्यापर्यंत मजल गेली. फुलर टॉरी आणि रॉबर्ट योल्कन यांनी 2010 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार स्किझोफ्रेनियाचे 2 लाख 20 हजार ते 2 लाख 70 हजार रुग्ण यात सापडले. त्या देशातले बहुतेक सगळेच. आणि युद्धानंतर? नवे रुग्ण येण्याचं प्रमाण कमी झालं नाही. मोजलं तिथं ते उलट चढंच निघालं.

आपल्याकडे 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं मानसिक आजारावरचा उपचार म्हणून नसबंदी करायला मनाई केली आहे. लग्नाच्या चौकशीवर अर्थातच कायदा चालत नाही.

आत्याबाईंना मी गॉट्समनचा तक्ता व्हॉट्सअॅपवर पाठवला. निळ्या खुणा उमटल्या. "घरी विचार करून कळवतो" असा निरोप आला. पुढे काहीच आलं नाही. लेक म्हणाली, "आई, 31 वर्षं वाटाणे शिकवलेस, शेवटी वाटाण्याच्याच अक्षता."

मामा गोळ्या घेऊन 34 वर्षं जगला. हात थोडे थरथरायचे, पण शेवटपर्यंत गल्लीतले रेडिओ दुरुस्त करून द्यायचा. आजीची ती पहिली दोन वर्षं वाया गेली नसती तर त्याला किती बरं वाटलं असतं, हे आता सांगता येत नाही. लवकर उपचार मिळालेले रुग्ण जास्त सावरतात, एवढं आज ठाऊक आहे. तुमच्या घरातला विशीचा मुलगा किंवा मुलगी माणसांतून उठायला लागली, एकटीच पुटपुटायला लागली, भिंतीपलीकडचं ऐकू येतं म्हणायला लागली, तर पहिल्या आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. कुठे जावं कळत नसेल तर 14416 वर फोन करा. सरकारची टेली-मानस सेवा आहे. चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं.