दगड म्हणजे काय रे भाऊ?

मार्चमध्ये माझे तीन चेक अडकले होते. फ्रीलान्सिंग करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. एडिटर म्हणतो अकाउंट्सला विचार, अकाउंट्स म्हणतं एडिटरची सही नाही. अशा दिवसांत माणूस कशावरही विश्वास ठेवतो. मी अठराशे रुपयांच्या एका पिवळ्या दगडावर ठेवला.

एका एक्झिबिशनमधल्या स्टॉलवर तो मिळाला. ‘‘सिट्रीन आहे मॅडम, पैसा खेचून आणतो. कामाच्या टेबलावर ठेवा,’’ स्टॉलवालीने सांगितलं. ठेवला. तीन आठवडे झाले, चेक जागचे हलले नाहीत. हलला तो माझा बॅलन्स, आणि तोही खाली!

मग एका रविवारी माझी कॉलेजातली मैत्रीण चहाला आली. तिने जिऑलॉजीत एम.एस्सी. केलंय. टेबलावरचा दगड उचलून तिने उजेडात फिरवला आणि खो-खो हसत सुटली.

‘‘कितीला घेतलास?’’

‘‘अठराशे.’’

‘‘अगं, हा भाजलेला आहे!’’

वांग्यासारखा भाजलेला

आधी तिने एक रिकामी काचेची बाटली मागवली आणि दगडाचं टोक तिच्यावर घासलं. बाटलीवर स्पष्ट ओरखडा उठला. म्हणजे काच नाही, क्वार्ट्झ आहे. आपली गारगोटी ज्या सिलिकाची असते, त्याचाच. इथपर्यंत मी पास!

पण खरा सिट्रीन बहुतेक वेळा फिक्कट आणि सगळीकडे सारखाच पिवळा असतो. माझ्या दगडाची टोकं जळकट केशरी आणि बूड दुधी पांढरं. ही भाजलेल्या जांभळ्या ॲमेथिस्टची खूण. ॲमेथिस्टचा रंग त्यातल्या किंचित लोखंडामुळे येतो. भट्टीत 400-500 अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की जांभळ्याचा पिवळा होतो. बाजारातला बहुतेक सिट्रीन असाच तयार होतो.

‘‘म्हणजे मी फसले?’’

‘‘दगड खोटा नाही गं. नाव खोटं आहे. आणि पैसा खेचायचं म्हणशील, तर ते त्याच्या सिलॅबसमध्येच नाही.’’

मी गप्प. अठराशे रुपयांपेक्षा जास्त लागलं ते हे, की मला विचारायलाच काही सुचलं नव्हतं. भाजी घेताना मी दहा प्रश्न विचारते. इथे एकही नाही.

किचनमधलं म्युझियम

चहा झाल्यावर मॅडमनी माझ्याच घराची टूर काढली. आमचं घर पेठेतलं, जुनं. शाळेच्या भूगोलात खडकांचे तीन प्रकार घोकले होते ना? अग्निजन्य, स्तरित, रूपांतरित. तिन्ही माझ्या किचनमध्ये निघाले!

कोपऱ्यात आजीचा पाटा-वरवंटा. हा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, लाव्हा थंड होऊन झालेला, म्हणून अग्निजन्य. लाव्हा पटकन गार झाला की कण मोठे व्हायला वेळच मिळत नाही. म्हणून बेसॉल्टचे कण नुसत्या डोळ्यांना सहसा वेगळे दिसत नाहीत. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि त्यातूनच सह्याद्री उभा राहिला. या खडकाला डेक्कन ट्रॅप म्हणतात. ‘ट्रॅप’चं मूळ जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दात आहे. ट्रेकला गेलात की समोरच्या डोंगराकडे नीट बघा, पायऱ्या दिसतील.

पायाखाली शहाबादी फरशी. हा चुनखडक, समुद्राच्या तळाशी गाळ साठून झालेला. म्हणजे स्तरित. तिने सुटलेल्या तुकड्याची कड खरवडून व्हिनेगरचे दोन थेंब टाकले, तर बारीक बुडबुडे आले! चुनखडकातलं कॅल्साइट आम्लाशी भेटलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो.

आणि देव्हाऱ्याखाली संगमरवराची लादी. तोच चुनखडक जमिनीखाली उष्णता आणि दाब सोसून नव्याने घडला की संगमरवर होतो. म्हणजे रूपांतरित. पण कॅल्साइट ते कॅल्साइटच. म्हणून संगमरवरी ओट्यावर लिंबू सांडलं की डाग पडतो. फ्लॅटचं इंटिरियर करायला निघालेल्यांनो, नोट करा! ग्रॅनाइटला लिंबाने काही होत नाही.

ग्रॅनाइट बघायचा तर ऑफिसच्या लॉबीत. गुलाबी किंवा पांढरे ठोकळे फेल्डस्पारचे, राखाडी काचेसारखे कण क्वार्ट्झचे, काळे ठिपके बहुतेक अभ्रकाचे. हा जमिनीखाली सावकाश गार होतो, म्हणून कण मोठे. आणि दुकानातला ‘ब्लॅक ग्रॅनाइट’? तो बरेचदा ग्रॅनाइट नसतोच, गॅब्रो किंवा डोलेराइट असतो. नावं खोटी फक्त क्रिस्टलच्या स्टॉलवरच नसतात तर!

ओळख परेड

खनिज ओळखायच्या चार सोप्या टेस्ट मी तिच्याकडून लिहून घेतल्या. तुम्हीही घ्या.

रंगावर भुलू नका. पारदर्शक स्फटिक, जांभळा ॲमेथिस्ट, गुलाबी रोझ क्वार्ट्झ, सगळी एकाच सिलिकाची भावंडं. रंग किरकोळ भेसळीचा.

कस बघा. सोनार कसोटीवर सोनं घासतो, तेच. टाइलच्या मागच्या खरखरीत बाजूवर खनिज घासा आणि रेघेचा रंग बघा. सोन्यासारखा चमकणारा पायराइट हिरवट काळी रेघ देतो. काळा-चंदेरी हेमॅटाइट चक्क तांबूस!

ओरखडा काढा. फ्रेडरिक मोह्स यांनी 1812 साली कठीणपणाची 1 ते 10 अशी पट्टी केली. टाल्क 1, हिरा 10. आपलं नख साधारण अडीच, काच साडेपाच, क्वार्ट्झ 7, माणिक आणि नीलम 9. जास्त नंबरवाला कमी नंबरवाल्यावर ओरखडा काढतो. ऑफिससारखंच!

कसं तुटतं ते बघा. अभ्रकाचे पापुद्रे निघतात, कॅल्साइटचे तिरके ठोकळे. क्वार्ट्झ फुटलेल्या बाटलीसारखा, शिंपल्यासारखे खोलगट वळसे घेत तुटतो.

एक विनंती. या टेस्ट दागिन्यांवर करू नका, आणि गडावरचे दगड फोडू नका. रस्त्याकडेची खडी पुरे.

वाघोलीचा निळा

निघताना तिने पाट्याच्या कडेचा एक पांढरा ठिपका दाखवला. लाव्ह्यात अडकलेल्या वायूचे बुडबुडे पोकळ राहतात. मग त्यांत पाणी झिरपतं आणि हळूहळू खनिजं जमतात. पुणे, नाशिक, जळगावकडच्या खाणींमध्ये याच पोकळ्यांतून स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, ॲपोफिलाइट असे क्रिस्टल निघाले. वाघोलीच्या खाणींनी तर जगाला गडद निळा कॅव्हनसाइट दाखवला. तो 1967 मध्ये आधी अमेरिकेत ओरेगनला सापडला होता, पण वाघोलीइतका देखणा दुसरीकडे कुठे नाही. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट ही तीन नावं जोडून त्याचं नाव झालं. असले क्रिस्टल बघायचे तर सिन्नरचं ‘गारगोटी’ म्युझियम हा मस्त वीकेंड प्लॅन आहे.

वाघोलीला मी शंभरदा गेलेय. कधी मैत्रिणीचा फ्लॅट बघायला, कधी ट्रॅफिकमध्ये अडकायला. तिथला निळा दगड मला ठाऊक नव्हता, आणि पैसे मोजले ते भाजलेल्या पिवळ्यासाठी!

तो पिवळा अजून टेबलावर आहे. फक्त त्याच्याखाली मी चिठ्ठी लावलीय, ‘क्वार्ट्झ. ॲमेथिस्ट, भाजलेला. कठीणपणा 7.’ आता तो पेपरवेट म्हणून काम करतो आणि झकास करतो.

आणि चेक? दुसऱ्या दिवशी मी अकाउंट्सला फोन लावला. मग रोज लावला. आठव्या दिवशी पहिला चेक आला. म्हणजे पैसा खेचून आणणारी वस्तू माझ्याकडे होतीच, फक्त ती चार्जिंगला लावावी लागते.