सागरी बर्फावरील विमान अपघात, आर्क्टिक
आर्क्टिक महासागराच्या गोठलेल्या पृष्ठावर लहान विमान उतरविताना होणारे अपघात. येथील बर्फ हा पाण्यावर तरंगणारा थर असून वारा व सागरी प्रवाह यांमुळे तो सतत सरकतो, फुटतो आणि पुन्हा सांधला जातो. त्यामुळे एके दिवशी वापरलेली धावपट्टी दुसऱ्या दिवशी मधोमध दुभंगलेली आढळू शकते.

बर्फाची भारक्षमता स्थूलमानाने जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जाडी दुप्पट झाली, तर पेलणारा भार सु. चौपट होतो. तथापि नव्या सागरी बर्फात खाऱ्या द्रावाचे सूक्ष्म कप्पे अडकून राहतात. त्यामुळे तो तेवढ्याच जाडीच्या गोड्या पाण्याच्या बर्फाहून दुर्बल असतो. अनेक उन्हाळे टिकलेल्या बर्फातील लवण झिरपून गेलेले असते. असा बर्फ जाड व बळकट असला, तरी त्याचा पृष्ठभाग उंचसखल असतो. वैमानिकापुढील खरी अडचण हीच : वरून सपाट दिसणारी पट्टी ही बहुधा नुकतीच गोठलेली भेग असते. ती गुळगुळीत खरी, पण पातळ असण्याचा संभव अधिक.

वाऱ्याने घडविलेल्या हिमाच्या कठीण वरंब्यांवर स्की आदळून आधारदांडे मोडणे किंवा विमान नाकावर उलटणे, हे नेहमीचे प्रकार होत. ढगाळ हवेत सावल्या नाहीशा होतात व आकाश आणि हिम यांतील सीमारेषा पुसली जाते. मग उंचीचा अंदाजच येत नाही. म्हणून अनुभवी वैमानिक प्रथम केवळ स्की टेकवून पुन्हा उड्डाण करतात आणि उमटलेली खूण पाण्याने काळवंडते काय ते वरून पाहतात. उतरल्यावरही धोका संपत नाही. एकाच जागी दीर्घकाळ उभ्या असलेल्या विमानाखाली बर्फ हळूहळू खचतो.

मे १९२५ मध्ये रोआल आमुनसेन यांच्या तुकडीची दोन विमाने ८८° उ. अक्षांशाच्या जवळपास उतरली. त्यांपैकी एक निकामी झाले. उरलेल्या विमानासाठी सहा जणांनी तीन आठवड्यांहून अधिक काळ बर्फ फोडून धावपट्टी तयार केली व १५ जून रोजी सर्व जण त्यातून निघाले. १९२७ मध्ये ह्यूबर्ट विल्किन्स व वैमानिक कार्ल बेन आयेल्सन यांना अलास्काच्या उत्तरेस इंधन संपल्याने रात्री बर्फावर उतरावे लागले. विमान तेथेच सोडून सु. दोन आठवडे पायी चालत त्यांनी किनारा गाठला. हिमदंशामुळे आयेल्सन यांना एक बोट गमवावे लागले.

सर्वांत बोधक उदाहरण १९२८ चे आहे. ‘इटालिया’ हे वायुयान २५ मे रोजी बर्फावर कोसळल्यानंतर स्वीडिश वैमानिक आयनार लुंडबोर्ग यांनी जून अखेरीस स्की लावलेले विमान तेथे उतरवून जखमी उंबेर्तो नोबीले यांना बाहेर काढले. त्याच ठिकाणी दुसऱ्यांदा उतरताना मात्र त्यांचे विमान उलटले आणि सुटका करावयास आलेला वैमानिकच अडकून पडला. ६ जुलै रोजी एका हलक्या विमानाने त्यांना परत नेले. तंबूतील उरलेल्या पाच जणांना १२ जुलै रोजी ‘क्रासिन’ या रशियन बर्फफोड्या जहाजाने सोडविले.

१९७९ पासूनच्या उपग्रह निरीक्षणांनुसार आर्क्टिकमधील बहुवर्षीय बर्फ बराच घटला आहे. त्यामुळे विश्वसनीय जाडीच्या जागा विरळ झाल्या असून अवतरणास योग्य असा हंगामही आखूड होत आहे.