भिशीचे पैसे आणि चपटा गोल

"आई, मला सीएनसी राऊटर बनवायचाय," लेक म्हणाली. म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने लाकूड कोरणारं यंत्र. तयार घ्यायची ऐपत नव्हती. गिझरसाठी ठेवलेले भिशीचे पैसे मी तिला देऊन टाकले. ह्यांनी अबोला धरला.

जुन्या पलंगाच्या प्लायचा सांगाडा, सरकायला ड्रॉवरचे चॅनेल, डोकं म्हणून आर्डुइनोचं कार्ड आणि फुकट मिळणारं जीआरबीएल. स्टेपर मोटर एका फेरीत २०० पावलं टाकते. फेरीला ८ मिलिमीटर सरकवणारा स्क्रू लावला, की एक पाऊल ०.०४ मिलिमीटरचं! मी कला शाखेची, थक्कच झाले.

पण पहिला गोल चपटा आला. "गेले पैसे!" हे म्हणाले. लेकीला दोन दिवस जेवण गेलं नाही. मग तिलाच उमगलं, नट स्क्रूवर ढिला आहे, दिशा बदलताना फट पडते. तिने दोन नट लावून मध्ये स्प्रिंग बसवली. गोल गरगरीत!

आता आमच्या बचत गटाचे रांगोळीचे साचे त्यावरच निघतात. गिझर अजून आलेला नाही. पण मैत्रिणींनो, रोज संध्याकाळी तिथला भुसा हेच झाडतात, न सांगता.