एकटी राजी, हजार राक्षस आणि मावशीची फजिती

मुलांनो, गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्यावर एक अवघड काम येऊन पडलं. माझ्या ताईचा पुण्याहून फोन आला. "अथर्वला तुझ्याकडे पनवेलला पाठवतेय. चार दिवस ठेवून घे आणि जरा समजाव त्याला. तू शाळेत बाई आहेस, तुझं ऐकेल तो. बघावं तेव्हा त्या व्हिडिओ गेममध्ये तलवारी चालवत असतो. धड बोलत नाही कोणाशी!"

अथर्व सातवीत आहे. तो आला, तर त्याच्या सॅकमध्ये कपडे कमी आणि वायरीच जास्त. दुबईच्या काकांनी त्याला निन्टेंडो स्विच नावाचं यंत्र दिलंय. फराळाच्या ताटातल्या दोन चकल्या उचलून तो थेट आमच्या टीव्हीच्या मागे वायर खोचायला गेला. "अरे, आल्या आल्या काय हे!" आजी म्हणाली. तो काहीच बोलला नाही. जूनमध्ये त्याचे आजोबा गेले. तेव्हापासून तो असाच गप्प गप्प असायचा. दर दिवाळीला आजोबा आणि तो मिळून आमच्या अंगणात कर्नाळ्याचा किल्ला करायचे, अगदी अंगठ्यासारख्या त्या सुळक्यासकट. या वर्षी कोणी मातीच भिजवली नव्हती.

रागवायचं असं मनाशी ठरवून मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. म्हटलं, "अथर्व, काय रे मजा येते यात? नुसती हाणामारी!"

त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि रिमोट सरळ माझ्या हातात दिला. "मावशी, आधी तू खेळून बघ. मग बोल."

आता आली का पंचाईत! वर्गात मी रोज मुलांना सांगते, 'धडा न वाचता प्रश्नाचं उत्तर देऊ नका.' आता मलाच तो नियम पाळायची वेळ आली.

पुण्यातली राजी

"आधी हा घे. हा आमच्या पुण्यात बनलाय," अथर्व मान ताठ करून म्हणाला. मला खरंच वाटेना. पण ते खरं होतं. 'राजी : ॲन एन्शंट एपिक' असं त्या गेमचं नाव. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या कंपनीने तो तयार केलाय.

राजी ही सर्कशीत कसरती करणारी एक मुलगी. तिचा धाकटा भाऊ गोलू. महाबलासुर नावाच्या राक्षसाची फौज गोलूला पळवून नेते आणि राजी त्याला सोडवायला एकटीच निघते. दुर्गादेवी तिला त्रिशूळ देते. पुढे तिला धनुष्य आणि ढाल-तलवारही मिळते. रक्षण भावानेच करायचं असतं असं मानणाऱ्यांनी हा गेम जरूर बघावा. इथे बहीण निघालीय भावाला सोडवायला!

गेममधले वाडे, कमानी, सज्जे राजस्थानातल्या जुन्या वास्तूंवरून घेतलेले आहेत. रंगांवर पहाडी चित्रशैलीची छाप आहे. मधूनमधून गोष्ट पुढे सरकते ती चक्क बाहुल्यांच्या सावल्यांच्या खेळातून. भिंतींवरच्या चित्रांजवळ थांबलं की देवादिकांच्या कथा ऐकायला मिळतात. मी तर लढाई विसरून चित्रंच बघत बसले होते. आणि तेवढ्यात मेले!

हो, चक्क मेले. पहिल्या पाच मिनिटांत तीन वेळा. हाताला येईल ते बटण मी दाबत होते. राजी त्रिशूळ फिरवत होती, पण राक्षस मागून येऊन तिला बडवत होते. आजीसुद्धा पदराआड हसायला लागली.

"मावशी, बटणं बडवू नकोस ना. आधी बघ," अथर्व म्हणाला. "प्रत्येक राक्षस मारण्याआधी काहीतरी करतो. हात मागे नेतो, नाहीतर क्षणभर थांबतो. तेवढ्यात तू बाजूला उडी मारायची. त्याचा वार फुकट गेला की मग तुझा वार."

राजी कसरती करणारी मुलगी आहे हे लक्षात ठेवायचं, असंही त्याने सांगितलं. ती भिंतीवरून धावते. खांबाला धरून गरकन फिरते आणि भोवतालच्या सगळ्यांना एकदम उडवते. म्हणजे अंगणातला खांब हेसुद्धा हत्यारच! चौथ्या वेळी मी पळत पळत खांब गाठला, गिरकी घेतली आणि सगळे राक्षस आडवे. मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

मधे गोल चकत्या फिरवून चित्र जुळवायची कोडीही होती. ती मात्र मी झटपट सोडवली. तेवढंच बाईंचं नाव राहिलं!

रात्री अथर्वने मला या गेमची हकीगत सांगितली. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयान मॉड हे या कंपनीचे संस्थापक. 2017 मध्ये त्यांनी इंटरनेटवर गेमसाठी लोकवर्गणी मागितली. गणपतीची वर्गणी जेवढी जमेल तेवढी आपली असते. या वर्गणीचा नियम मात्र कडक. ठरवलेली पूर्ण रक्कम जमली तरच पैसे हातात येतात, नाहीतर काहीच नाही. त्यांची रक्कम जमली नाही. एक पैसाही मिळाला नाही. पण त्यांनी काम सोडलं नाही. तीन वर्षांनी, 18 ऑगस्ट 2020 ला, राजी जगभरच्या स्विचवर आली. ऑक्टोबरमध्ये ती संगणकावर आणि इतर यंत्रांवरही पोचली. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स' या जगप्रसिद्ध पुरस्कारांत पदार्पणाच्या उत्तम गेमसाठीच्या पाच नावांत राजीचं नाव होतं. पुरस्कार दुसऱ्या गेमला मिळाला, पण पुण्याची पोर तिथवर पोचली हे काय थोडं झालं?

गेममध्ये उणिवा नाहीत असं नाही. तो पाच-सहा तासांत संपतो आणि शेवट एकदम तुटल्यासारखा वाटतो. "पुढचा भाग हवा होता," असं आम्ही दोघांनीही एकदमच म्हटलं.

मूळ गोष्टीला फुटलेली फांदी

दुसऱ्या दिवशी अथर्वने आपला सगळ्यात आवडता गेम लावला. ताईची तक्रार होती ती याच गेमबद्दल. 'हायरूल वॉरियर्स : एज ऑफ कॅलॅमिटी' हे त्याचं नाव.

तो समजायला आधी थोडा इतिहास हवा. जपानच्या निन्टेंडो कंपनीने 1986 मध्ये 'द लिजंड ऑफ झेल्डा' नावाचा गेम काढला. तो रचणारे शिगेरू मियामोतो लहानपणी क्योटोजवळच्या आपल्या गावाभोवतीच्या रानात आणि गुहांत भटकायचे. तीच भटकंतीची मजा त्यांनी गेममध्ये आणली. हायरूल नावाचं राज्य, झेल्डा ही राजकन्या आणि लिंक हा अबोल वीर. डोंगर चढा, गुहा शोधा, कोडी सोडवा, असं सावकाश चालणारं हे प्रकरण. 2017 मध्ये आलेल्या 'ब्रीथ ऑफ द वाइल्ड'मध्ये तर सुरुवातीला एकदोन राक्षस अंगावर आले तरी घाम फुटतो. तलवार चार वार केले की मोडते!

'हायरूल वॉरियर्स' ही त्या मूळ झाडाला फुटलेली फांदी. महाभारतातलं एखादं पात्र घेऊन कोणी स्वतंत्र नाटक लिहितं ना, तसंच हे. माणसं तीच, प्रदेश तोच, पण खेळायची तऱ्हा निराळी. कोएई टेक्मो ही दुसरी जपानी कंपनी 'एकटा वीर आणि समोर हजारोंची फौज' अशा लढायांच्या गेमसाठी प्रसिद्ध आहे. तिच्या मंडळींनी हायरूलच्या लोकांना रणांगणावर आणलं. पहिला गेम 2014 चा, अथर्वकडचा 2020 चा, आणि 2025 मध्ये तिसराही आलाय.

ज्या राक्षसांना आधी आपण झुडपाआडून भीत भीत बघत होतो, तेच आता एका फटक्यात वीस-वीस उडतात. कोपऱ्यात आकडा वाढत जातो : शंभर, पाचशे, हजार! एखादा अवघड धडा पाठ झाल्यावर तो धडाधड म्हणून दाखवताना जसं वाटतं, तसंच काहीसं वाटतं बघा.

पण नुसत्या आकड्याने लढाई जिंकता येत नाही हो. नकाशावर लक्ष ठेवावं लागतं. आपली ठाणी राखायची, शत्रूची घ्यायची, कुठला सोबती कुठे पाठवायचा ते ठरवायचं. सरदार राक्षस तर तसे हलतच नाहीत. त्यांचा वार चुकवला की क्षणभर त्यांची बाजू उघडी पडते. तेव्हाच मारायचं. राजीने शिकवलेला धडा इथेही उपयोगी पडला.

हा गेम दोघांना एकत्र खेळता येतो. पडद्याचे दोन भाग होतात. अथर्व लिंक झाला, मी झेल्डा. चारी बाजूंनी राक्षस आले तशी मी गोंधळले. मग मला चौथीचा इतिहास आठवला. 1660 साली बाजीप्रभूंनी शत्रूला कुठे अडवलं? खिंडीत! मोकळ्या माळावर शत्रू चारी बाजूंनी घेरतो. खिंडीत फौज कितीही मोठी असली तरी समोर थोडेच उभे राहू शकतात. मी ओरडले, "अथर्व, खिंड शोध, खिंड!" आम्ही दोघं पळत जाऊन किल्ल्याच्या अरुंद दरवाजात उभे राहिलो. पाठ सुरक्षित, शत्रू समोर. तेवढ्यात जिंकलो.

"मावशी, भारीच की!" अथर्व म्हणाला. चार महिन्यांत पहिल्यांदा मी त्याला असं हसताना बघितलं.

मग तो आपण होऊन बोलायला लागला. मूळ गेममध्ये चार महावीर आहेत : मीफा, डारुक, रेवाली आणि उरबोसा. ते शंभर वर्षांपूर्वीच युद्धात गेलेले असतात. लिंकला त्यांच्या नुसत्या आठवणी भेटतात. 'एज ऑफ कॅलॅमिटी' घडतो त्या शंभर वर्षं आधी.

"म्हणजे इथे ते चौघं अजून आहेत," अथर्व पडद्याकडे बघत म्हणाला. "त्यांच्याबरोबर लढता येतं. त्यांचं ऐकता येतं. मला माहितीये पुढे काय झालं ते. तरी मला त्यांच्याबरोबर खेळायला आवडतं."

मी काही बोलले नाही. आजीने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. हे कार्टं नुसत्या तलवारी चालवतंय, असं आम्ही मोठी माणसं समजत होतो. त्याच्या मनात काय चाललंय हे विचारायला कोणी त्याच्या शेजारी बसलंच नव्हतं.

आता थोडं आई-बाबांशी

गेम कितीही खेळू द्या असं मी मुळीच म्हणत नाही. डोळे, झोप, अभ्यास, मैदान हे सगळं आहेच. पण आधी गेमच्या डब्यावरचा वयाचा आकडा वाचा. 'एज ऑफ कॅलॅमिटी'वर युरोपात 12 वर्षांवरच्या मुलांसाठी अशी खूण आहे. या गेममध्ये राक्षस मेले की धूर होऊन नाहीसे होतात, रक्ताचा सडा नसतो. सगळेच तलवारीचे गेम असे नसतात, म्हणून प्रत्येक गेम स्वतः बघावा लागतो.

आणि वेळेवरून भांडण का होतं तेही मला कळलं. ताई बरोबर अर्ध्या तासाने टीव्ही बंद करायची. नेमकी लढाई रंगात आलेली असायची. भर क्रिकेटच्या मॅचमध्ये शेवटच्या षटकाला वीज गेली तर आपण काय करतो? तसंच पोराचं व्हायचं. म्हणून आम्ही ठरवलं, मिनिटं नाही मोजायची, लढाया मोजायच्या. रोज दोन लढाया. दुसरी संपली की आपण होऊन बंद करायचं.

ताईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "तू पण त्याच्याच पार्टीत?" मी तिला आठवण करून दिली. आम्ही शाळेत असताना शेजाऱ्यांकडून 'कॉन्ट्रा'ची कॅसेट मागून आणली होती. गेमला आम्ही कॅसेटच म्हणायचो तेव्हा. सगळी मे महिन्याची सुट्टी आम्ही दोघी त्या दोन शिपायांना घेऊन लढत होतो. आई ओरडायची आणि बाबा म्हणायचे, "खेळू दे गं, भांडत तर नाहीत ना!" ताई जरा वेळ गप्प झाली. मग म्हणाली, "दोन जणांना खेळता येतं म्हणतेस? बघते मी."

शेवटच्या दिवशी सकाळी उठले तर अथर्व अंगणात. हात कोपरापर्यंत मातीत. दिवाळी संपून गेली होती, पण कर्नाळ्याचा सुळका अर्धा उभा राहिला होता. पायथ्याशी त्याने एक अरुंद वाट ठेवली होती.

"ही काय रे?" मी विचारलं.

"खिंड," तो म्हणाला. "आजोबांच्या किल्ल्यात नव्हती. ही तुझी."

काल रात्री ताईचा फोन आला होता. दोन लढाया झाल्या, गेम बंद झाला. मात्र दुसऱ्या लढाईत मेला तो अथर्व नव्हे, त्याची आई. सारखी नुसती बटणं बडवते म्हणे!

तेव्हा मुलांनो, तुमच्या गेमबद्दल घरी कोणी ओरडलं तर चिडू नका. रिमोट त्यांच्या हातात द्या आणि शेजारी बसून नीट शिकवा. फक्त ते मेले की फार हसू नका हं!