इंग्रजी ‘डू’ आणि आपला ‘च’

३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ वादळांत नागांवच्या आमच्या वाडींतील पोफळी आडव्या झाल्या, तेव्हां अमेरिकेंतील धाकट्या काकांनीं पैसे पाठविले. पोंच कळविण्याचें काम चिरंजीवांकडे आलें. आपलें इंग्रजी काकांस दिसावें या हौसेनें त्यांनीं लिहिलें, ‘वुई डिड रिसीव्ह द मनी.’ ‘पैसे पोहोंचले’ एवढेंच त्यांस सांगावयाचें होतें. काकांचा उलट प्रश्न आला, ‘न पोहोंचल्याचा संशय कोणी घेतला?’

दोष ‘डिड’ या दोन अक्षरांचा. प्रश्नांत व नकारांत ‘डू’ हें क्रियापद वाक्यरचनेसाठींच येतें. त्यांत जोर नसतो. शेक्सपिअरच्या काळीं (१५६४–१६१६) साध्या होकारांतही तें जोराविना येत असे. पुढें ती चाल मोडली. आतां होकारांत ‘डू’ आलें कीं, बहुधा तें कोणाच्या तरी शंकेस उत्तर वाटतें: ‘पोहोंचले हो, पोहोंचले!’

आपला ‘च’ याहून मोकळा. ‘आम्हांसच पैसे मिळाले’, ‘आम्हांस पैसेच मिळाले’, ‘पैसे मिळालेच’. ज्या शब्दास तो चिकटतो त्यावर भार पडतो. ‘डू’ क्रियेचीच ग्वाही देतें. मात्र त्यांत गोडवाही आहे: ‘डू कम’ म्हणजे आपलें ‘याच हं!’

म्हणून मुलांस आमचें सांगणें, कीं शंका फेडावयाची किंवा आग्रह करावयाचा असेल तरच होकारांत ‘डू’ योजावें. चिरंजीवांनीं दुसरें पत्र साधें लिहिलें. शेवटीं मात्र ‘डू कम’ घातलें. प्रवास खुला होतांच काका आले.