रेशमाला साठ दिवस

जालन्याच्या बाजार समितीत व्यापारी रेशीमकोष मुठीत दाबून पाहतो आणि कानाशी नेऊन हलवतो. राज्यातली पहिली रेशीमकोष बाजारपेठ 2018 साली इथे सुरू झाली. त्याआधी मराठवाड्यातला माल कर्नाटकात रामनगरला जात असे. एका कोषातून साधारण हजार मीटर अखंड धागा निघतो. त्याची पैठणी होते, हे आपल्याला ठाऊक आहे. पण दुसऱ्या महायुद्धापर्यंत माणसे याच धाग्याच्या भरवशावर आकाशातून उतरत होती. रेशीम हलके, मजबूत आणि लवचिक. घडी लहान होते आणि हवा लागताच झटकन उलगडते.

युद्धात जपानी रेशीम दोस्तराष्ट्रांना मिळेनासे झाले. काश्मीर आणि म्हैसूरच्या रेशमाला एकाएकी मागणी आली. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर रसद टाकायला तर कोलकात्याच्या गिरण्यांतून तागाच्या हवाई छत्र्या करवून घेतल्या. त्यांना 'पॅराजूट' म्हणत. माणसांच्या छत्र्यांसाठी मात्र ड्यूपाँटचे नायलॉन पुढे आले, ते कायमचे.

नायलॉन का टिकले, याचे उत्तर अमेरिकेच्या विमानवाहतूक नियमांत आजही वाचायला मिळते. पूर्ण कृत्रिम धाग्याची राखीव छत्री दर 180 दिवसांनी उघडून, तपासून पुन्हा बांधावी लागते. तिच्यात कुठेही रेशीम किंवा दुसरा नैसर्गिक धागा असेल, तर मुदत फक्त 60 दिवसांची. रेशमाला बुरशी लागते, घडीत दमटपणा धरतो आणि वरून काहीच कळत नाही.

स्कायडायव्हरच्या पाठीवर दोन छत्र्या असतात, मुख्य आणि राखीव. मुख्य छत्रीची घडी तो स्वतः घालतो किंवा पॅकरकडून घालून घेतो. राखीव छत्रीला रिगर, म्हणजे छत्र्या तपासून बांधणारा परवानाधारक तंत्रज्ञच हात लावतो. शिवाय पाठीवर एक छोटे यंत्र असते. जर्मनीतल्या एअरटेक कंपनीने 1991 साली बाजारात आणलेले 'सायप्रेस' हे त्यातले सर्वांत नावाजलेले. सुमारे 225 मीटर उंचीवरही माणूस ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वेगाने पडतच असेल, तर ते राखीव छत्रीचा बंद आपोआप कापते. या यंत्रालाही ठरावीक आयुष्य असते.

नायलॉनला बुरशी सहसा खात नाही, पण ऊन खाते. मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात छत्री पसरून ठेवणे म्हणजे तिचे आयुष्य उघड्यावर जाळणे होय. धूळ हा दुसरा शत्रू. ती शिवणीत शिरते आणि तीन कड्यांच्या जोडाशी साचते. मुख्य छत्रीच्या पट्ट्या हार्नेसला धरून ठेवणारा हा जोड बिल बूथ यांनी 1970 च्या दशकात शोधला. मोठ्या कड्यातून मधले, मधल्यातून लहान असा भार कमी होत जातो आणि शेवटी वजनाचा अगदी थोडा अंश एका बारीक दोऱ्याच्या फासावर येऊन थांबतो. हँडल ओढले की बिघडलेली मुख्य छत्री क्षणात सुटते. पण फार दिवस न हाताळलेल्या पट्ट्यांना बाक येतो आणि कडी अडकू शकतात. म्हणून महिन्यातून एकदा जोड सोडवून पट्ट्या चोळून मऊ करायच्या आणि केबल पुसून घ्यायची. दहा मिनिटांचे काम. त्याचाच कंटाळा केला जातो, आणि मला तो अक्षम्य वाटतो.

दोऱ्यांचे गणित याहून नाजूक आहे. स्पेक्ट्रा दोरी बारीक आणि दणकट, पण छत्री उघडताना स्लायडर, म्हणजे दोऱ्या ओवलेला कापडी चौकोन, तिच्यावरून घासत खाली येतो. त्या उष्णतेने ती आखडते. बाहेरच्या दोऱ्या जास्त आखडतात, मधल्या कमी. काहीशे उड्यांनंतर छत्रीचा तोल बिघडतो, ती वेडीवाकडी उघडू लागते. व्हेक्ट्रन आखडत नाही, पण झिजते आणि कधी एकदम तुटते. डॅक्रॉन जाड, हवेला जास्त अडथळा करणारी. मात्र ताण सोसून घेते. नवशिक्याने तीच घ्यावी, असे माझे मत.

आणि छत्री केवढी घ्यावी? उडी घेणाऱ्याचे वजन 70 किलो, सगळ्या साहित्याचे 12 किलो, म्हणजे 82 किलो, सुमारे 180 पौंड. 180 चौरस फुटांच्या छत्रीवर भार दर चौरस फुटाला एक पौंड पडतो. शिकाऊ माणसाने त्याहूनही मोठी छत्री वापरावी. छत्री लहान झाली की वेग वाढतो आणि चूक सुधारायला वेळ उरत नाही. पूर्ण उघडलेल्या, धडधाकट छत्रीखाली उतरताना चुकीचे वळण घेऊन माणसे दगावली आहेत. लहान छत्री ही बढती समजणारी वृत्ती त्यामागे आहे.

विरळ हवेत हे गणित आणखी बदलते. पुण्याच्या पद्मश्री शीतल महाजन यांनी 18 एप्रिल 2004 रोजी उत्तर ध्रुवावर आयुष्यातली पहिली उडी घेतली, तीही उणे 37 अंशांत. नोव्हेंबर 2023 मध्ये त्यांनी एव्हरेस्टसमोर 21,500 फुटांवरून उडी घेतली आणि 17,444 फुटांवरच्या कालापत्थरला उतरल्या. त्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के. तीच छत्री तिथे सुमारे तीस टक्के अधिक वेगाने जमिनीवर येते.

पण साहित्याच्या दृष्टीने मला त्यांची फेब्रुवारी 2018 ची थायलंडमधली उडी अधिक मोलाची वाटते. 13,000 फुटांवरून, नऊवारी नेसून! बातम्यांत कौतुक साडीचे झाले. खरे काम साडी जागच्या जागी ठेवण्याचे होते. ती जागोजागी पिनांनी आणि चिकटपट्टीने बांधून घेतली होती. ताशी दोनशे किलोमीटरच्या वाऱ्यात सुटलेला पदर हँडलवर आला तर हात तिथे पोचत नाही, आणि उघडणाऱ्या छत्रीत गुंतला तर राखीव छत्रीलाही वाट मिळत नाही. पेहरावातला बदल हादेखील साहित्यातला बदल असतो. तो जमिनीवर, हार्नेस चढवून, प्रत्येक हँडल ओढून तपासावा लागतो.

जुने साहित्य विकत घेणाऱ्याने रंगाला भुलू नये. कापडातून किती हवा झिरपते, दोऱ्या शेवटच्या कधी बदलल्या, यंत्राचे आयुष्य किती उरले, हे रिगरकडून बघून घ्यावे आणि मगच पैसे द्यावेत. राखीव छत्रीसोबत एक कार्ड असते. त्यावर घडीची तारीख, रिगरची सही आणि क्रमांक असतो. बंदावर लाल दोरा आणि रिगरच्या मोहरेचा शिक्का. प्रशिक्षकाला बांधून टँडेम उडी घेणाऱ्या हौशी प्रवाशालाही ते कार्ड बघायला मागण्याचा हक्क आहे. दाखवायला टाळाटाळ झाली, तर विमानात चढू नये.