बॉनेटचे चार वाफे

वाळूजला बजाजचा कारखाना १९८५मध्ये सुरू झाला, शेंद्र्यात २००१पासून स्कोडाच्या गाड्यांची जुळणी होऊ लागली आणि २०१०च्या ऑक्टोबरमध्ये एकदम दीडशे मर्सिडीज खरेदी करून या शहराने देशभर नाव केले. छत्रपती संभाजीनगरला गाडीचे वेड नवे नाही. आता ते गाडी घेण्यापुरते उरलेले नाही. हर्सूल टी पॉइंटपासून जटवाडा रोडपर्यंतच्या वसाहतींत सुटीच्या सकाळी घरापुढे स्वतः गाडी धुणारे, पॉलिश मारणारे हौशी लोक दिसतात. त्यांच्या शेल्फवर शाम्पू, वॅक्स, पॉलिश, सिरॅमिक स्प्रे अशा बाटल्यांची रांग असते आणि प्रत्येक बाटली मोठा शब्द देते: वर्षभर चकाकी, ओरखड्यांपासून संरक्षण, पाणी टिकणार नाही, धूळ बसणार नाही.

यातले खरे काय? हे ठरवायला प्रयोगशाळा लागत नाही. प्रयोगाची शिस्त लागते. ती शिस्त घरच्या घरी पाळता येते आणि पैसे वाचवण्याचा तिच्याइतका भरवशाचा मार्ग दुसरा नाही.

आधी आपली धूळ, आपले पाणी

कोणतेही उत्पादन चांगले की वाईट, हे ते कशाशी झुंजणार आहे यावर ठरते. हर्सूलमध्ये गाडीचे शत्रू दोन: बेसॉल्टची धूळ आणि बोअरचे पाणी.

आपला काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. त्यात फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन ही खनिजे असतात, त्याच्या पोकळ्यांमध्ये गारगोटी सापडते. फ्रिडरिश मोहस या खनिजशास्त्रज्ञाने १८१२मध्ये खनिजांच्या कठीणपणाची एक ते दहा अशी श्रेणी मांडली. तिच्यावर फेल्डस्पारचा क्रमांक सुमारे सहा, तर गारगोटीचा सात. गाडीच्या रंगावरचा सर्वांत वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, हा एक प्रकारचा प्लास्टिकचा पापुद्रा. या दगडाच्या कणांपुढे तो फारच मऊ. त्याची जाडी साधारण ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे जास्तीत जास्त मिलिमीटरचा विसावा हिस्सा.

सकाळी घाईत कोरड्या फडक्याने गाडी पुसली की हेच कण फडक्याखाली घासले जातात. रात्री दिव्याखाली बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल वर्तुळे दिसतात, ती याचीच खूण. ओरखडे खरे तर सगळ्या दिशांनी असतात. पण प्रकाशाच्या वाटेला आडवे असलेलेच डोळ्यांत चमकतात, म्हणून ते दिव्याभोवती फेर धरल्यासारखे दिसतात. त्यामुळे कुठलीही बाटली विकत घेण्याआधीचा सर्वांत परिणामकारक उपाय फुकट आहे: हात लावण्याआधी भरपूर पाण्याने धूळ सुटी करून वाहून जाऊ द्यायची.

इथे दुसरा शत्रू पुढे येतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, आयएस १०५००नुसार, लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत कठीणपणा, म्हणजे पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचे प्रमाण, योग्य मानला जातो. दुसरा स्रोतच नसेल तर ६००पर्यंत चालवून घेतला जातो. दख्खनच्या पाषाणातून झिरपून आलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सिलिका विरघळलेले असतात. अशा जड पाण्याचा एक थेंब बॉनेटवर वाळताना नीट पाहा. कडा जागच्या जागी चिकटून राहते. कडेपाशी पाणी जास्त वेगाने उडून जाते, ती तूट भरायला आतले पाणी कडेकडे वाहते आणि आपल्याबरोबर क्षार घेऊन जाते. शेवटी मध्यभाग जवळजवळ स्वच्छ आणि भोवती पांढरी कडी उरते. सांडलेल्या कॉफीचा डाग कडेला गडद का असतो, याचे उत्तर शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९७मध्ये ‘नेचर’मध्ये दिले, त्यातली यंत्रणा हीच.

हिशोबही सोपा आहे. लिटरमागे ६०० मिलिग्रॅम कठीणपणाच्या पाण्याच्या एका थेंबात सुमारे ३० मायक्रोग्रॅम क्षार असतात. बॉनेटवर असे शेकडो थेंब मेच्या उन्हात वाळतात. ताजे चुनकट डाग पातळ केलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने निघतात, कारण आम्लात कॅल्शियम कार्बोनेट विरघळते. सिलिकाचा डाग व्हिनेगरला दाद देत नाही आणि डागाने क्लिअर कोटच खाल्ला असेल तर तो कशानेही धुतला जात नाही.

म्हणून थंड देशात, मऊ पाण्यावर नावाजलेले उत्पादन इथेही तसेच वागेल, असे गृहीत धरता येत नाही. जाहिरातीत ज्याचे कौतुक होते तो मोत्यासारखा गोल थेंब उभ्या दारावरून घरंगळून जातो. सपाट बॉनेटवर आणि टपावर मात्र तो तिथेच बसतो, वाळतो आणि कडी सोडतो. आपल्या पाण्यासाठी थेंब किती गोल होतो यापेक्षा पाणी किती लवकर निघून जाते हे जास्त महत्त्वाचे.

एक सवय तर लगेच सोडण्यासारखी आहे. आरओ यंत्रातून बाहेर पडणारे वाया जाणारे पाणी अनेक घरांत गाडी धुवायला वापरतात. पहिली धूळ काढायला ते जरूर वापरावे. टंचाईच्या शहरात तो चांगलाच उपयोग आहे. पण त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. शेवटचा हात गोड्या पाण्याचा हवा आणि तोही सावलीत, वाळण्याआधी टिपून घेतलेला.

दाव्यांची उलटतपासणी

दुकानातली प्रात्यक्षिके प्रभावी असतात. कोटिंग लावलेल्या बॉनेटवर लायटरचे इंधन ओतून पेटवतात. ज्योत विझते आणि रंग जसाच्या तसा. इंधनाची वाफ जळते, आग काही क्षणच टिकते आणि खालचा पत्रा उष्णता झपाट्याने पसरवतो. कोटिंग नसलेला रंगही बहुतेकदा असाच वाचतो. हा प्रयोग घरी कोणी करू नये, पण दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारावा: ‘कोटिंग न लावलेल्या पत्र्यावर हेच करून दाखवाल का?’ या एका प्रश्नात सगळी प्रयोगपद्धती आहे.

कोटिंगच्या बाटलीवरचा ‘नाइन एच’ हा शब्दही असाच. ऐकणाऱ्याला वाटते, मोहसच्या श्रेणीवर नऊ म्हणजे कुरुंद, माणिक आणि नीलम यांच्या कुळातला कठीणपणा. प्रत्यक्षात हे माप पेन्सिलीचे आहे. ठरावीक वजनाखाली, ४५ अंशात धरलेली नाइन एच पेन्सिल पृष्ठभागावर ढकलायची आणि ओरखडा पडतो का ते पाहायचे. पेन्सिलीला टिकलेला थर गारगोटीच्या कणालाही टिकेल, असे त्यातून सिद्ध होत नाही.

‘टेफ्लॉन कोटिंग’चे तेच. टेफ्लॉन सुमारे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि तव्यावर ते भट्टीत तापवून बसवतात. बॉनेटवर कापडाने चोळताना तशी भट्टी कुठेच नसते. ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळणारे कार्नौबा मेण मात्र ८२ ते ८६ अंशांपर्यंत घट्ट राहते. ते उन्हात टिकेल का, ही शंका रास्त आहे. उत्तर आपल्याच गाडीवर मिळते.

पॉलिशच्या बाबतीत आणखी सावध राहावे लागते. खरे पॉलिश क्लिअर कोटचा अगदी पातळ थर खरवडून ओरखड्याची कडा सपाट करते. म्हणजे दर वेळी त्या मोजक्या मायक्रॉनमधून खर्च होतो. काही पॉलिशमधली तेले आणि भरण ओरखड्यात नुसती बसतात आणि दोन धुण्यांत निघून जातात. दोन्हींचा फरक ओळखायला आयसोप्रोपिल अल्कोहोल अर्धे आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धे असे मिश्रण करून तो भाग पुसावा. ओरखडे परत दिसले तर ते नुसते झाकले गेले होते. हे मिश्रण आगीपासून दूर ठेवावे, आधी एखाद्या कोपऱ्यात वापरून पाहावे आणि नव्याने रंगवलेल्या भागावर लावू नये. ओरखड्यात नख अडकत असेल तर तो फार खोल आहे. त्याला पॉलिशचा इलाज शोधण्यात अर्थ नाही.

शेतातून आलेली पद्धत

आता मूळ मुद्दा. आपण वॅक्स लावतो, गाडी छान दिसते आणि श्रेय वॅक्सला देतो. पण त्याआधी गाडी धुतलीही होती, पुसलीही होती, पैसेही मोजले होते. कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगात लोकांना एकच वाइन एकदा १० डॉलरची आणि एकदा ९० डॉलरची म्हणून चाखायला दिली. २००८मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा, की महाग सांगितलेली त्यांना जास्त आवडली. किंमत डोळ्यांनाही फसवू शकते.

या फसगतीवरचा उपाय शेतीशास्त्राने काढला. खताचा गुण पाहायचा तर ते अख्ख्या शेतात टाकून चालत नाही, कारण जास्त पीक खताने आले, पावसाने आले की जमिनीने, हे कळत नाही. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या प्रयोगशेतीवर रोनाल्ड फिशर यांनी यासाठी शिस्त घालून दिली: शेताचे तुकडे करा, काही तुकडे खताविना ठेवा, कोणत्या तुकड्यात काय हे चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि प्रत्येक गोष्ट एकापेक्षा जास्त तुकड्यांत करा. आपल्याकडे ही शिस्त कृषी संशोधकांच्या हाती देण्यात दोन मराठी नावे अग्रभागी आहेत. साताऱ्याच्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि विनायक गोविंद पानसे यांचे ‘स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर अ‍ॅग्रिकल्चरल वर्कर्स’ हे पुस्तक १९५४मध्ये निघाले आणि कृषी महाविद्यालयांतल्या पिढ्या त्यावर घडल्या.

तीच शिस्त बॉनेटवर आणा. शाम्पूने धुऊन, वरच्या अल्कोहोल मिश्रणाने जुने मेण काढून बॉनेट उघडे करा. रंगाला धक्का न लावणाऱ्या मास्किंग टेपने त्याचे चार वाफे पाडा. चिठ्ठ्या टाकून एका वाफ्यात पहिले उत्पादन, एकात दुसरे आणि उरलेल्या दोन्हींत काहीही नाही. रिकामे वाफे दोन का? त्या दोन्हींतच फरक दिसला, तर तो इंजिनच्या उष्णतेचा किंवा रोज एकाच बाजूने येणाऱ्या उन्हाचा आहे, हे कळते. उत्पादनांमधला फरक त्याहून ठळक असेल तरच तो खरा मानायचा. हीच मांडणी नव्याने चिठ्ठ्या टाकून डिकीवरही करावी.

बाटल्या घरातल्या दुसऱ्या कोणी एकसारख्या कोऱ्या बाटल्यांत ओतून त्यांवर फक्त ‘क’ आणि ‘ख’ लिहावे. टेप काढल्यावर निकाल देणाऱ्यालाही कुठे काय आहे ते सांगू नये. नावे शेवटी उघडावीत.

नजरेऐवजी माप

पाणी झटकण्याचा गुण मोबाइलवर मोजता येतो. १८०५मध्ये थॉमस यंग यांनी मांडलेल्या संकल्पनेनुसार, थेंब पृष्ठभागाला जिथे टेकतो तिथला कोन त्या पृष्ठभागाची पाण्याबद्दलची ओढ सांगतो. ड्रॉपरने तीनेक मिलिमीटर रुंदीचा छोटा थेंब सपाट जागी ठेवा आणि कॅमेरा थेंबाच्या पातळीवर आणून बाजूने फोटो काढा. उंची रुंदीच्या निम्मी भरली तर कोन ९० अंश. त्याहून जास्त उंची म्हणजे पृष्ठभाग पाणी नाकारतो, कमी म्हणजे पाणी पसरते. मोठा थेंब स्वतःच्या वजनाने चपटा होतो, म्हणून थेंब छोटाच हवा.

मग चारही वाफ्यांवर सारखेच पाणी ओता आणि व्हिडिओ करा. मागे किती पाणी उरले, वाळल्यावर किती कड्या पडल्या, हे मोजा. हर्सूलच्या पाण्यावर हीच खरी परीक्षा. दर वेळी त्याच जागी, त्याच वेळी, त्याच कोनातून फोटो काढा आणि वहीत तारीख टाका. थेंब गोल होणे थांबले तर लगेच ‘वॅक्स गेले’ असे लिहू नका. वर क्षारांचा आणि धुळीचा थर बसला तरी असेच होते. नीट धुऊन, क्षार काढून पुन्हा पाहा. गुण परत आला तर थर शाबूत होता.

शाम्पूची परीक्षा फेसाच्या उंचीवर करू नये. फेस म्हणजे सफाई नव्हे. दाराच्या खालच्या, सारख्याच मळलेल्या भागाचे दोन हिस्से करा, दोन शाम्पू एकाच प्रमाणात कालवून प्रत्येकी एका हिश्शाला लावा, तेवढ्याच पाण्याने धुवा आणि पांढऱ्या ओल्या कापडाने एकेकदा पुसा. कोणते कापड जास्त काळे झाले ते डोळ्यांपुढे राहते.

एका उन्हाळ्याचा निकाल पावसाळ्याला लागू पडत नाही. मेमधले ऊन, जूनमधला चिखल आणि ऑक्टोबरमधली धूळ या तिन्हींतून गेल्याशिवाय वर्षभर टिकण्याच्या दाव्यावर बोलता येत नाही. एका गाडीचा निकालही फक्त त्या गाडीचाच. पण हर्सूलमधल्या चार-पाच हौशी मंडळींनी वेगवेगळ्या रंगांच्या गाड्यांवर हीच मांडणी केली आणि वह्या शेजारी ठेवल्या, तर इथल्या धुळीत आणि पाण्यात काय टिकते याचे उत्तर त्यांच्याजवळ असेल. असे उत्तर कोणत्याही जाहिरातीत मिळणार नाही. त्यासाठी पहिला वाफा मात्र रिकामाच सोडायला हवा.